व्याकरणाचे नियम टेबलात मांडताना

१९७० साली 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकाच्या एकाच खंडात चार महिन्यांच्या अंतराने दोन लेख छापून आले. फेब्रुवारीच्या अंकात जे अर्ली यांनी कोणतेही कॉन्टेक्स्ट-फ्री व्याकरण घेऊन वाक्याची फोड करणारी पद्धत मांडली. जूनच्या अंकात आयबीएमच्या एडगर कॉड यांनी माहिती टेबलांत कशी ठेवावी याचे रिलेशनल मॉडेल मांडले. अर्लींचा पार्सर काम करताना ज्या नोंदी ठेवतो, त्या प्रत्येकीत चार गोष्टी असतात: कोणता नियम, त्या नियमात आपण कुठवर आलो, वाक्यात सुरुवात कुठून झाली आणि सध्या कुठे आहोत. तीच नोंद पुन्हा तयार झाली तर ती दुसऱ्यांदा लिहायची नाही, ही अट पाळल्यामुळेच पद्धत थांबते आणि वेगवान राहते. कॉड यांचे टेबलही असेच असते: ठरलेले कॉलम, आणि एक रो एकदाच. म्हणजे पार्सरची कच्ची वही आणि डेटाबेसचे टेबल यांचा आकार पहिल्यापासून एकच आहे. तरीही पुढच्या अर्ध्या शतकात माहिती टेबलात गेली आणि व्याकरण टेक्स्ट फाइलमध्ये राहिले. व्याकरणाचे नियम टेबलात ठेवता येतात का आणि ठेवावेत का, या दोन प्रश्नांचा हा आढावा आहे. पहिल्याचे उत्तर सोपे आहे: येतात. दुसऱ्याबद्दल माझे मत असे की, भाषेचा जो भाग सतत वाढत असतो आणि अनेक हातांनी भरला जातो, त्याचे नियम टेबलातच असावेत. वेगासाठी याची गरज नाही. टेबलातला नियम मोजता येतो, तपासता येतो आणि दुसऱ्या नियमाशेजारी ठेवून त्याला प्रश्न विचारता येतो, म्हणून तो तिथे हवा.

आधी मांडणीचे पाहू, कारण बरेचसे वाद मांडणी चुकल्यामुळे उभे राहतात. 'विशेषण आणि नाम मिळून नामसमूह होतो' हा नियम घ्या. घाईत सुचणारी सोय म्हणजे दोन कॉलम: एकात डावी बाजू 'नामसमूह', दुसऱ्यात उजवी बाजू सबंध मजकूर म्हणून 'विशेषण नाम'. असे टेबल नावापुरतेच टेबल असते, कारण कप्प्यात काय आहे हे डेटाबेसला कळत नाही. 'विशेषण कोणकोणत्या नियमांत येते' असे विचारायचे झाले तर मजकुरात अक्षरे शोधावी लागतात, आणि त्या शोधात 'क्रियाविशेषण' असलेले सगळे नियमही हाती लागतात. एका कप्प्यात एकच अविभाज्य मूल्य असावे, ही कॉड यांची पहिली अट इथे अगदी व्यवहाराची ठरते. म्हणून नियमाचे दोन तुकडे करायचे. एका टेबलात नियमाचा क्रमांक आणि डावी बाजू. दुसऱ्यात नियमाचा क्रमांक, स्थान आणि त्या स्थानावरचे चिन्ह. 'स्थान' हा कॉलम टाळता येत नाही, कारण टेबलातल्या रोंना आपापसांत क्रम नसतो आणि नियमाच्या उजव्या बाजूला तो असतोच.

या क्रमाच्या मुद्द्यापाशी जरा थांबायला हवे. कॉन्टेक्स्ट-फ्री व्याकरण हा नियमांचा संच आहे; कोणता नियम आधी लिहिला याला सिद्धान्तात काहीच अर्थ नाही, म्हणून तो टेबलाशी छान जुळतो. प्रत्यक्षातल्या साधनांनी मात्र फाइलमधल्या क्रमाला गुपचूप अर्थ दिलेला आहे. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी घडवलेल्या याक या साधनात दोन नियम एकाच जागी लागू पडू लागले, तर फाइलमध्ये आधी आलेला नियम जिंकतो. ब्रायन फोर्ड यांनी २००४ साली मांडलेल्या पार्सिंग एक्स्प्रेशन ग्रामरमध्ये पर्यायांचा क्रम हाच निर्णय असतो. पाणिनीने अष्टाध्यायीतल्या १.४.२ या सूत्रात उलट व्यवस्था केली: तुल्यबळ नियमांत विरोध आला तर नंतरचा चालतो. फाइलमध्ये ओळ वरखाली झाली की अर्थ बदलतो आणि तो बदल डोळ्यांत भरत नाही. टेबलात हेच काम 'प्राधान्य' नावाच्या कॉलमला करावे लागते. तो कॉलम भरताना नियम लिहिणाऱ्याला आपण काय ठरवतो आहोत हे बोलून दाखवावे लागते. माझ्या मते टेबलाचा हा पहिला खरा फायदा आहे.

आता फोड कशी होते ते एका वाक्यावर पाहू. नोम चॉम्स्की यांनी १९५९ साली दाखवले की कोणतेही कॉन्टेक्स्ट-फ्री व्याकरण, रिकामे वाक्य सोडले तर, अशा रूपात आणता येते की प्रत्येक नियमाच्या उजवीकडे एक तर दोन चिन्हे असतात किंवा एक शब्द. या रूपातला दोन चिन्हांचा नियम तीन कॉलमांत बसतो: डावे, उजवे एक, उजवे दोन. वाक्य घेऊ: 'मुलीने लाल पेरू खाल्ला.' शब्दांच्या कडांना ० ते ४ आकडे दिले की शब्दांच्या टेबलातून चार तुकडे मिळतात: ० ते १ कर्तृपद, १ ते २ विशेषण, २ ते ३ नाम, ३ ते ४ क्रियापद. हे चार तुकडे एका टेबलात टाकले आणि त्या टेबलाचा स्वतःशीच जॉइन केला. अट अशी की पहिल्याचा शेवट ही दुसऱ्याची सुरुवात असावी आणि त्या दोघांची जोडी नियमांच्या टेबलात सापडावी. पहिल्या फेरीत 'लाल' आणि 'पेरू' जुळून १ ते ३ हा नामसमूह होतो. दुसऱ्या फेरीत तो 'खाल्ला'शी जुळून १ ते ४ हा क्रियासमूह होतो. तिसऱ्या फेरीत 'मुलीने' जोडले जाऊन ० ते ४ अशी 'वाक्य' नावाची रो तयार होते, आणि ती तयार झाली म्हणजे वाक्य व्याकरणात बसले. १९६० च्या दशकात कॉक, यंगर आणि कासामी यांच्या नावाने रूढ झालेली पद्धत ती हीच. एकाच तुकड्याच्या दोन वेगळ्या फोडी होत असतील तर दोन्ही तिथे मिळतात. कोणतीही एक आधीच टाकून द्यावी लागत नाही. सावधगिरी एवढीच की हे दोन-दोन चिन्हांचे रूप यंत्रासाठी आहे. त्यासाठी मधली कृत्रिम नावे निर्माण करावी लागतात. माणसाने लिहिलेला मूळ नियम वेगळा जपावा आणि हे रूप त्यातून व्ह्यू म्हणून काढावे.

मग पार्सर वेगळा लिहायचाच कशाला, सगळे काम एका क्वेरीत करू, असा मोह होतो. इथे सिद्धान्ताची भिंत आहे. किती फेऱ्या लागतील हे वाक्याच्या लांबीवर अवलंबून असते, आणि अशी आधी न ठरलेली पुनरावृत्ती मूळ रिलेशनल बीजगणितात लिहिता येत नाही, हे आहो आणि उलमन यांनी १९७९ साली दाखवले. एसक्यूएलच्या १९९९ च्या प्रमाणात रिकर्सिव्ह क्वेरी आली. पोस्टग्रेसक्यूएलने ती २००९ मध्ये, एसक्यूलाइटने २०१४ मध्ये आणि मायएसक्यूएलने २०१८ मध्ये दिली. पण तिच्यातही एक बारीक अट आहे: वाढत जाणाऱ्या टेबलाचा उल्लेख क्वेरीच्या पुनरावृत्तीच्या भागात एकदाच करायचा. आपल्या फोडीत तुकड्यांचे टेबल स्वतःशीच जुळते, म्हणजे उल्लेख दोनदा येतो, आणि पोस्टग्रेसक्यूएल आणि एसक्यूलाइट दोघेही ती क्वेरी नाकारतात. वाट आहे: बाहेरून लूप फिरवायचा आणि दोन शब्दांच्या तुकड्यांपासून सुरू करून लांबी एकेकाने वाढवत न्यायची; दहा शब्दांच्या वाक्याला नऊ इन्सर्ट पुरतात. डेटालॉग या भाषेत ही अडचण मुळातच नाही. फोड म्हणजे निगमन, असे परेरा आणि वॉरन यांनी १९८३ मध्ये मांडले होते, आणि १९८६ मध्ये डेटाबेसवाल्यांनी शोधलेली मॅजिक सेट्स नावाची युक्ती अर्लींच्या वरून खाली अंदाज बांधण्याशी फार जवळचे नाते सांगते. हे सगळे शिकण्या-शिकवण्यासाठी सुंदर आहे. रोजच्या वापरासाठी मात्र नियम टेबलात ठेवावेत, फोड स्वतंत्र पार्सरकडे द्यावी आणि टेबलांतून तो पार्सर तयार करून घ्यावा, असे मला वाटते.

या विभागणीचा सर्वांत बोलका पुरावा खुद्द एका डेटाबेसमध्ये आहे. पोस्टग्रेसक्यूएलचे एसक्यूएल व्याकरण एका टेक्स्ट फाइलमध्ये आहे, दहा हजारांहून अधिक ओळींच्या, आणि बायसन हे साधन त्यातून पार्सर बनवते. ज्यांच्या हातात उत्तम टेबले आहेत त्यांनीच नियम टेबलात ठेवले नाहीत, म्हणजे कल्पनाच चुकीची, असा आक्षेप इथून निघू शकतो. पण थोडे आत पाहावे. त्याच प्रणालीत कोणते डेटा टाइप आहेत, कोणती फंक्शने आहेत, कोणते ऑपरेटर कोणत्या टाइपांमध्ये चालतात, एका टाइपातून दुसऱ्यात कसे जायचे, हे सारे टेबलांत आहे. नवा ऑपरेटर घडवला की 'पीजी_ऑपरेटर' या टेबलात एक रो वाढते; पार्सर पुन्हा बांधावा लागत नाही. नकाशांसाठीच्या पोस्टजीआयएसने दोन आकृत्यांच्या चौकटी एकमेकींवर येतात का हे विचारणारा ऑपरेटर याच वाटेने आणला. वाक्याचे वाचनही दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात फक्त बायसनचा पार्सर चालतो आणि तो टेबलांकडे पाहतही नाही. दुसऱ्यात टेबलांतून अर्थ लावला जातो. याचे कारण दस्तऐवजांत स्पष्ट दिले आहे: टेबले वाचायला ट्रान्झॅक्शन चालू असावे लागते, आणि 'ट्रान्झॅक्शन सुरू कर' किंवा 'मागे घे' ही वाक्ये तर त्याच्या आधीच समजायला हवीत. म्हणजे सांगाडा फाइलमध्ये ठेवण्यामागे नेमकी अडचण आहे. टेबलांवरचा अविश्वास नाही.

ही विभागणी जिथे कमी पडते ते ठिकाणही याच प्रणालीत दिसते. वापरकर्त्याने घडवलेल्या नव्या चिन्हाच्या ऑपरेटरांना अग्रक्रम सांगता येत नाही. अग्रक्रम फाइलमध्ये कोरलेला असल्याने अशा सगळ्या ऑपरेटरांना एकच पायरी मिळते, आणि वापरणाऱ्याला कंस घालत बसावे लागते. ऑपरेटरचा अर्थ टेबलात, पण तो किती घट्ट बांधतो हे फाइलमध्ये, अशी एकाच गोष्टीची दोन जागी वाटणी झाली की वाढीला मर्यादा पडते. कॉड यांनी १९८५ साली दिलेल्या बारा नियमांपैकी चौथा असा आहे की डेटाबेसचे स्वतःचे वर्णनही टेबलांतच असावे आणि त्याच भाषेत विचारता यावे. ऑपरेटरांपुरता तो पाळला गेला, अग्रक्रमापाशी तुटला.

मानवी भाषांच्या प्रकल्पांत हीच रेषा वेगळ्या जागी पडते. स्लीटर आणि टेम्परली यांनी १९९१ मध्ये आणलेल्या लिंक ग्रामरमध्ये प्रत्येक शब्द आपण डावीकडे-उजवीकडे कशाशी जोडले जाऊ शकतो हे स्वतःबरोबर बाळगतो; नियम शब्दावरच लिहिलेला असतो. त्याचा हाताने लिहिलेला इंग्रजी शब्दकोश आजही टेक्स्ट फाइलमध्ये आहे, पण त्याच सॉफ्टवेअरला एसक्यूलाइटमधून शब्दकोश वाचायची सोय आहे. तिथे दोनच टेबले: एक शब्दाला वर्ग देते, दुसरे वर्गाला जोडण्यांचे संच आणि त्यांची किंमत देते. वाक्यांतून यंत्राने शिकलेले व्याकरण, जे सारखे बदलते, त्याला ही जागा सोयीची आहे. एचपीएसजी या प्रकारच्या व्याकरणांसाठीच्या एलकेबी या साधनातही शब्दकोश पोस्टग्रेसक्यूएलमध्ये ठेवता येई, तर सामान्य नियम फाइलमध्येच राहिले. यूजीन चार्नियाक यांनी १९९६ मध्ये पेन ट्रीबँकमधल्या फोड केलेल्या वाक्यांतून थेट नियम गोळा केले, तेव्हा दहा हजारांहून जास्त नियम मिळाले. डेटाबेसच्या भाषेत ते एक 'ग्रुप बाय' आहे: प्रत्येक नियम किती वेळा आला ते मोजायचे, डाव्या बाजूच्या एकूण संख्येने भागायचे, आणि आलेली संभाव्यता एका कॉलमात ठेवायची. मोजके आणि एकमेकांत गुंतलेले नियम फाइलमध्ये, असंख्य आणि सुटेसुटे नियम टेबलात, असा कल सगळीकडे दिसतो. मानवी भाषेत दुसऱ्या प्रकारचे नियम फार जास्त आहेत, इतकेच.

टेबलाला विचारता येणारे प्रश्न कोणते? उजव्या बाजूला वापरलेले पण कुठेच न सांगितलेले चिन्ह एका आउटर जॉइनने सापडते. नमुना वाक्यांची फोड करताना कोणता नियम कोणत्या वाक्यात वापरला गेला याची नोंद ठेवली, तर एकदाही न वापरलेले नियम लगेच बाहेर येतात. नियम बदलण्याआधी आणि नंतर कोणती वाक्ये बसायची थांबली हे कळण्यासाठी स्टेफान ओएपन यांनी चाचणी-वाक्यांचा डेटाबेस उभारला होता, आणि मोठी व्याकरणे वर्षानुवर्षे अशा तपासणीवरच उभी राहिली. मर्यादाही सांगितली पाहिजे: दिलेल्या व्याकरणातून एखाद्या वाक्याच्या दोन फोडी होऊ शकतात का, याचे सर्व व्याकरणांना लागू पडणारे उत्तर देणारी रीतच असू शकत नाही, हे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच सिद्ध झाले. टेबलात ठेवल्याने हे बदलत नाही.

आक्षेपांपैकी सर्वांत वजनदार वाचनाचा आहे. फाइलमधला नियम डोळ्यांना नियमासारखा दिसतो, गिटमध्ये त्याचा प्रत्येक बदल ओळीनिशी राहतो; टेबलात तोच नियम तीन-चार रोंत विखुरतो आणि जुने मूल्य पुसले जाते. हे खरे आहे. ठरलेल्या क्रमाने टेबल मजकुरात उतरवून तो मजकूर गिटमध्ये ठेवणे आणि प्रत्येक नियमाला 'कोणी', 'केव्हा', 'कशामुळे' हे कॉलम देणे, एवढ्याने बराच भाग भरून निघतो. तरी दोन-तीन माणसांनी सांभाळलेल्या, शे-दोनशे नियमांच्या प्रोग्रॅमिंग भाषेला फाइलच बरी, हे मी मान्य करतो. दुसरा आक्षेप परंपरेतून येतो. पाणिनीची सुमारे चार हजार सूत्रे इतकी थोडक्यात बसली ती अनुवृत्तीमुळे: मागच्या सूत्रातला शब्द पुढच्यात न उच्चारता चालू राहतो. एक सूत्र उचलून वेगळे वाचले तर ते अपुरे राहते, आणि टेबलातली रो तर स्वतःपुरती पूर्ण हवी. म्हणजे टेबलात आणताना सूत्रे उलगडावी लागतात आणि लाघव जाते. पण त्याच परंपरेत धातुपाठही आहे: सुमारे दोन हजार धातू, दहा गणांत. तिथे 'कृ' हा धातू 'डुकृञ्' असा नोंदला आहे. शेवटचा 'ञ्' सांगतो की हा धातू उभयपदी आहे. आरंभीचा 'डु' सांगतो की याला तो प्रत्यय लागू शकतो ज्यातून 'कृत्रिम' हा शब्द होतो. दोन खुणा, दोन कॉलम, फक्त एका कप्प्यात एकत्र बांधलेल्या. पाठांतरासाठी ते बांधणे आवश्यक होते. पाणिनीने डेटाबेस केला असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. पण सूत्रे आणि याद्या वेगळ्या ठेवण्याचा निर्णय त्याने घेतला, आणि यादी सुटी वाढू शकते हे त्याला ठाऊक होते.

तिसरा आक्षेप आजचा: मोठी भाषा-मॉडेल असताना नियम हवेत कशाला? इंग्रजीपुरता तो काही अंशी पटण्यासारखा आहे. मराठीत फोड करून ठेवलेली वाक्ये फार थोडी आहेत. युनिव्हर्सल डिपेंडन्सीजमधली मराठी ट्रीबँक पाचशे वाक्यांचीही नाही. उलट नियम सांगणारी परंपरा मोठी आहे: दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे, मोरो केशव दामले यांचा ग्रंथ १९११ चा. तिथले ज्ञान पानांत आहे, आणि मॉडेलचे उत्तर चुकले की बरोबर हे तपासायलाही ते सुट्या, विचारता येण्याजोग्या रूपात हवे.

प्रयोगाचेच पाहा. शाळेत शिकवलेला प्रयोग हे जवळजवळ तयार टेबल आहे: प्रयोगाचे नाव, कर्त्याची विभक्ती, कर्माची विभक्ती, क्रियापद कोणाशी जुळते. कर्तरीत कर्त्याशी: 'मुलगी पेरू खाते'. कर्मणीत कर्माशी: 'मुलीने पेरू खाल्ला', 'मुलीने भाकरी खाल्ली'. भावेत कोणाशीच नाही: 'आईने मुलीला पाहिले'. तीन रो लिहून झाल्या असे वाटते, आणि मग 'मी भाकरी खाल्ली' येते. कर्त्याला 'ने' दिसत नाही, म्हणून शब्दांच्या टेबलात 'मी' दोनदा लागतो: एकदा प्रथमेचा, एकदा तृतीयेचा. त्यानंतर येते 'तू भाकरी खाल्लीस'. 'खाल्ली' भाकरीशी जुळले, 'स' तूशी जुळला. 'तुम्ही भाकरी खाल्लीत' म्हटले की 'त' कर्त्याचे अनेकवचनही सांगतो, तर 'तू भाकऱ्या खाल्ल्यास' मध्ये अनेकवचन कर्माचे आहे. व्याकरणकारांनी याला कर्तृ-कर्म संकर असे नाव दिलेच होते. पण 'कोणाशी जुळते' या एका कॉलमात हा प्रयोग मावत नाही. तो कॉलम काढून वेगळे जुळणीचे टेबल करावे लागते: प्रयोग, घटक, गुण. कर्मणीला त्यात दोन रो पुरतात, कर्माचे लिंग आणि कर्माचे वचन. संकराला चार लागतात: कर्माचे लिंग, कर्माचे वचन, कर्त्याचा पुरुष, कर्त्याचे वचन. भावेला एकही रो नाही, आणि जुळणीची एकही रो नसलेले क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात येते, हा नियमही मग एकदाच लिहावा लागतो.